गुरुवारची जया

कुंदाताई, आज मी राऊत सरांच्या शाळेत जाऊन आले. मंगळवार होता, मुद्दामच मंगळवार धरला. तिथं काय दिसलं ते सांगणार आहे, पण लगेच नाही. जे तुमच्या तोंडावर बोलायचं राहून गेलं ते आधी बोलते. तुम्ही गेल्यापासून जो तो तुमच्याबद्दल गोडच बोलतो आहे. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. बरोबर असेल. पण भांडण अर्धं टाकून निघून जावं असं कुठं लिहिलं आहे? दिवाळी झाली की दोघी मिळून जाऊ, असं तुम्हीच म्हणाला होतात. दिवाळी झाली, शाळा उघडल्या, आणि एका रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता तुम्ही गेलात. फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खरं सांगते, आधी राग आला. रडू नंतर आलं, आणि ते अजून पुरतं थांबलेलं नाही.

तेरवीला पिपरी मेघेच्या तुमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आर्वीकडचे शिक्षक एक गाडी करून आले होते. चहा भाऊजी करत होते. नात्यातल्या बायका म्हणत होत्या, तुम्ही बसा, आम्ही करतो, पण ते ऐकेनात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले तर म्हणाले, "वर्षाताई, हिनं मले चहा कधी शिकवला नाई. नुसती अशी दारात उभी राहे, तुम्ही उभ्या आहा तशी. साखर पहिले का दूध पहिले, सांगेच नाई. 'तुम्हाले काय वाटते?' म्हने. किती डाव चहा नासला माह्या हातून!" आणि हातातली गाळणी तशीच धरून ते हसले, हसता हसता रडले. चहा मात्र फक्कड झाला होता. मी दोनदा घेतला.

आपण काय काम करतो हे लोकांना समजावताना माझी नेहमी दमछाक व्हायची. कोणाला वाटायचं आपण अंधशाळेत आहोत, कोणाला वाटायचं दवाखान्यात. तुमचं उत्तर ठरलेलं होतं. "ज्या लेकराले वर्गात जड जाते, त्याच्या मास्तराले हलकं करतो आमी." एवढंच म्हणून तुम्ही पान लावायला घ्यायचात. साध्या गावातली साधी शाळा, तिथं एखादं लेकरू असतं ज्याला नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, किंवा जे सगळं उशिरा शिकतं. त्याच्या गुरुजींना वाटतं की हे आपल्याच्यानं होणार नाही. त्या गुरुजींच्या वर्गात जाऊन बसायचं, त्यांना शिकवायचं, धीर द्यायचा आणि संध्याकाळच्या एसटीनं परत यायचं. आर्वीच्या ऑफिसातल्या त्या कोंदट खोलीतून आपण दोघींनी किती वर्षं हेच केलं.

मी लागले तेव्हा विशेष शिक्षणाची पदवी नवी कोरी होती आणि हात नुसते शिवशिवत होते. तुमच्यासोबत पहिल्यांदा शाळेत गेले तो दिवस मी विसरणार नाही, आणि तुम्हीही कोणाला विसरू दिला नाही. दुसरीतला एक मुलगा होता, पेन्सिल धरली की त्याची बोटं आखडायची. त्याच्या बाई शेजारी गोंधळून उभ्या होत्या. मी झटकन खाली बसले, त्याच्या मुठीवर माझी मूठ ठेवली आणि 'क' गिरवायला लागले. तोच मागून गळ्याला हिसका बसला. तुम्ही माझी ओढणी ओढली होती, भर वर्गात! पोरं खिदळली. मी लाजेनं आणि रागानं लालबुंद झाले.

बाहेर आल्यावर मी काही बोलायच्या आत तुम्हीच सुरू झालात. "तू त्याचा हात धरला. आता त्याची बाई काय धरन? तिनं पाह्यलं का हे काम डिग्रीवाल्या हाताचं हाय. आता ती त्याले महिनाभर हात नाई लावत, पाय तू."

"मंग आपण कायले आहो?" मी विचारलं.

"तिच्या मागं उभं राहाले."

मला ते पटलं नाही, ताई. तेव्हा पटलं नाही, आणि पुढं जेव्हा जेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहून गुपचूप हात पाठीमागं बांधून दाखवायचात तेव्हाही पटलं नाही. समोर लेकरू अडलं आहे, मला त्याची अडचण सोडवता येते, आणि मी शहाण्यासारखी हाताची घडी घालून बसू? विहिरीत पडलेल्याला पोहण्याचे धडे द्यायचे का, असं मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "तू रोज राहनार हायेस का त्या विहिरीपाशी?" तुमच्याशी वाद घालणं म्हणजे आपलीच ओढणी आपल्या गळ्यात गुंडाळून घेणं होतं.

पण एका शब्दावर आपलं दोघींचं एकमत होतं, आणि तो शब्द ऐकला की दोघींचंही डोकं फिरायचं. तो म्हणजे 'तुमचं'. आपण शाळेच्या फाटकातून आत शिरलो की कोणीतरी आनंदानं ओरडायचं, "या मॅडम, तुमचं लेकरू आज आलं हाय!" जणू आपण ते तिथं ठेवून गेलो होतो. एका शाळेत मुख्याध्यापकांनी असंच स्वागत केलं. तुम्ही चपला काढता काढता म्हणालात, "माह्यं एकच हाय, ते पुण्याले कॉलेजात शिकते. हे कोनाचं?" ते बिचारे गडबडले. म्हणाले, तुमचं म्हणजे अपंगाचं, म्हणजे दिव्यांगाचं, म्हणजे ते स्पेशल. तुम्ही शांतपणे विचारलं, "पटावर कोनाच्या हाय?" ते म्हणाले, "माह्याच." "मंग?" एवढाच तुमचा शब्द. मुख्याध्यापक त्यावर हसले नाहीत आणि तुम्हीही हसला नाहीत. परत येताना बसमध्ये मात्र आपण दोघी पोट धरून हसलो.

आणि ते वर्ध्याचं प्रशिक्षण आठवतं? सभागृह शिक्षकांनी भरलेलं, दुपारची जेवणं झालेली, सगळे पेंगत होते. घरी गोंडी बोलणारे आपले आत्राम सर, त्यांना तुम्ही पुढं बोलावलं आणि कानात काही सांगितलं. त्यांनी गोंडीत सूचना द्यायला सुरुवात केली. वही काढा, समास आखा, काय काय असेल ते. कोणाला काही कळेना. ते आवाज चढवत गेले, एकाला उभं केलं, दुसऱ्याला कोपऱ्यात पाठवलं. पन्नाशीचे मास्तर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे! मग तुम्ही उठून म्हणालात, "आता सांगा. तुम्ही मंद आहा का?" पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्याला पदर लावला. मला त्या दिवशी तुमची शिष्या असल्याचा एवढा अभिमान वाटला होता, आणि ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "मंग माह्यं ऐकत काऊन नाईस?"

आपण दोघी कंत्राटी. दरवर्षी आदेश येईस्तोवर जीव टांगणीला. कायम होण्याचं मी किती मनावर घेतलं होतं, अर्ज, मोर्चे, सगळं. तुम्हीही आलात मोर्च्याला, घोषणाही दिल्यात. पण परतताना म्हणालात, "वर्षे, गंमत पाय. आपल्या कामाचं सोनं झालं तं आपली गरजच नाई उरत. आपलं काम मुळातच कायम नसन्याचं हाय." मी चिडून म्हटलं होतं की हे साहेबांना सांगू नका, ते लगेच कागदावर घेतील.

आता जयाचं.

तुम्हाला ठाऊक आहे, पण हे दुसऱ्या कोणी वाचलं तर कळावं म्हणून सांगते. जया तिसरीत आहे. जन्मापासून तिची नजर अधू. समोरचं माणूस तिला सावलीसारखं दिसतं, आणि अक्षर नाकाशी धरलं तरच. बाप आर्वीला कापसाच्या जिनिंग कारखान्यात, आई कापूस वेचायला. राऊत सरांच्या शाळेत दोनच शिक्षक, चार वर्ग. जयाचं नाव पटावर होतं, पण ती शाळेत येत नव्हती. आली तर भिंतीशी बसून राहायची आणि संध्याकाळी घरी जायची. मी त्या गावी दर गुरुवारी जायला लागले. व्हरांड्यात चटई टाकायची, जाड काळ्या पेनानं मोठ्ठं अक्षर काढायचं, तिनं त्यावरून बोट फिरवायचं. माझ्या बांगड्यांच्या आवाजावरून ती मला ओळखायची आणि अंगणातूनच धावत यायची. पोळा येईस्तोवर तिची बाराखडी पुरी झाली. गुरुवारी तिची आई तिला न्हाऊ-माखू घालून, लाल रिबीन बांधून पाठवायची. जया माझी होती. हे लिहायला मला आजही लाज वाटत नाही.

मग एका गुरुवारी तुम्ही सोबत आलात. मी जयाला तुमच्यासमोर वाचायला लावलं, तिनं न अडखळता वाचलं. मी कौतुकाची वाट पाहत होते आणि तुम्ही आत जाऊन हजेरीचा कागद मागितलात. बाहेर आलात तेव्हा तुमचा चेहरा उतरलेला. जया फक्त गुरुवारी शाळेत येत होती. बाकी सगळ्या वारांना गैरहजर. तिच्या आईला विचारलं तर ती सरळ म्हणाली, "मॅडमचा दिवस असते ना गुरुवारी." राऊत सरही म्हणाले, "मीच सांगतलं, मॅडम येते तवा पाठवत जा. इतर दिवशी इथं येऊन का करन ते पोरगी?" कोणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. सगळ्यांनी मिळून जयाचा एक वार ठरवून टाकला होता, जसा बाजाराचा वार असतो.

"गुरुवारची पोरगी करून टाकली तू तिले," तुम्ही म्हणालात.

"आधी एकबी वार नोता तिले," मी म्हटलं. "मी एक तं आणला."

"एक आनला आन् बाकीचे पाच त्याइले माफ केले."

मी यावर उत्तर दिलं नाही, कारण तुम्ही मोठ्या होतात आणि आवाजही मोठा होता. पण उत्तर होतं माझ्याकडे. माफ मी केले नव्हते, ते आधीपासून माफच होते. आजही माझं हेच म्हणणं आहे.

शाळांची वाटणी तुमच्याकडं होती. तुम्ही मला त्या शाळेतून काढलंत. दिवाळीपर्यंत तिकडं पाऊल टाकायचं नाही, मी पाहीन, असं सांगून दुसरीकडची गावं दिलीत. आणि झालं काय? जयाचा गुरुवारही गेला. तिच्या आईचा फोन आला, "मॅडम, तुम्ही येत नाई तं पोरीले कायले पाठवू? रोज रिबीन हातात घेऊन बसते दारात." मी तशीच उठून तुम्हाला गाठलं. आर्वीच्या स्टँडवर तुम्ही वर्ध्याच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसला होतात, संत्रं सोलत.

मी काय काय बोलले ते तुम्हाला आठवत असेलच, मलाही आठवतं. "तुमच्या तत्त्वापायी एक लेकरू घरी बसलं. तुम्हाले लेकरं दिसतच नाई, नुसते मास्तर दिसतात." स्टँडवरचे लोक वळून पाहायला लागले. तुम्ही आवाज चढवला नाही. म्हणालात, "हो. मले मास्तरच दिसते. लेकरू तं साऱ्याइलेच दिसते, वर्षे. सारे त्याच्यासाठी हळहळते. मास्तराकडं कोनी पाहत नाई म्हनून मी पाह्यते." आणि हात पुढं करून मला संत्र्याच्या फोडी दिल्यात. मी घेतल्या नाहीत. गाडी आली. शेजारी शेजारीच जागा मिळाली आणि वर्धा येईस्तोवर मी खिडकीबाहेर पाहत बसले.

उतरताना मात्र तुम्ही थांबलात. "दिवाळीनंतर दोघी जाऊ. तुले जे दिसन ते सांगजो मले. माह्यं चुकलं असन तं मी मानीन." तुम्ही चूक मानलेली मी आजवर ऐकली नव्हती, त्यामुळे मी त्या दिवाळीची लहान पोरासारखी वाट पाहत होते. नंतर फोनवर बोलणं झालं, कामाचं, सभेचं, कोणत्या शाळेला कोण जाणार याचं. जयाचं नाव तुम्ही काढलं नाही आणि मीही काढलं नाही. तिचं पुढं काय झालं हे मला कळलंच नाही. तेरवीला राऊत सर आले होते, दाराशी हात जोडून उभे होते, पण त्या गर्दीत आणि त्या दिवशी मी त्यांना कोणत्या तोंडानं विचारणार? शिवाय भीती होती. जया घरीच बसली असेल तर मला तुमच्यावर रागवावं लागणार होतं, आणि तुम्ही राख होऊन गेला होतात.

म्हणून आज गेले, एकटी. मंगळवारी. जया मंगळवारी शाळेत असली तर तुमचं बरोबर, आणि नसली तर माझं.

फाट्यावर उतरले. दोन्हीकडं कपाशी फुटली आहे, वेचणी चालू आहे. मी वाटेनं निघाले तर वावरातून एका बाईनं हाक मारली. जयाचीच आई, कमरेला कापूस भरायचा ओटा बांधलेली. "अवो मॅडम, भल्ल्या दिवसानं आल्या! आज तं गुरुवार नाई!" मी हात हलवला. जया शाळेत गेली का, एवढं विचारायचं होतं. नाही विचारलं. तशीच पुढं गेले.

राऊत सर वर्गाच्या दारातच दिसले, हातात खडू. मला पाहून थबकले. "काऊन, मॅडम? काई काम होतं का?"

ताई, इतक्या वर्षांत इतक्या शाळांत गेले, हे मला कोणी विचारलं नव्हतं. आपण दिसलो की लोक सुटल्यासारखे हसायचे, लेकरू पुढं करायचे आणि स्वतः चहाला जायचे. मी म्हटलं, "नाई, सहजच आली." ते म्हणाले, "मंग बसा. माह्यं गणित चालू हाय." आणि आत वळले.

मी उंबऱ्यात पाय ठेवला तर एक मुलगी आडवी आली. "मॅडम, नाव सांगा लागते."

"कायले?"

"जयाले समजत नाई ना कोन आलं ते. आमच्या वर्गात जो येते तो नाव सांगते. साहेब आलते, त्याइनंबी सांगतलं."

मी म्हटलं, "वर्षा मॅडम." पोरांच्या गराड्यातून एक मान वर झाली. लाल रिबीन नव्हती, साध्या दोन वेण्या होत्या. जया माझ्या आवाजाच्या दिशेनं हसली. ती उठली नाही, धावत आली नाही. हसली आणि परत वहीत वाकली. त्या क्षणी मला हुंदका आला तो आनंदाचा होता की कसला, ते तुम्हीच सांगा. मंगळवार होता आणि जया वर्गात होती.

वर्ग सगळा उलटा झाला आहे. आधी पोरं ज्या भिंतीकडं तोंड करून बसायची तिकडं आता पाठ आहे, आणि मागच्या भिंतीवर काळा रंग मारून राऊत सरांनी नवा फळा केला आहे. रंग कुठं कुठं ओघळला आहे. सर फळ्यावर लिहिताना विसरतात, नुसतेच लिहीत जातात. मग पोरं ओरडतात, "सर, तोंडानं!" तसे ते "हो हो" म्हणून मागचं सगळं पुन्हा बोलत लिहितात. मी मागं बसले होते. जयाचा एक भागाकार चुकत होता, मला तिथून दिसत होता. माझे हात आपोआप पुढं निघाले आणि मी ते मांडीखाली दाबून बसले. सर तिच्यापाशी गेले, वाकले, म्हणाले, "पुन्हा पाय बरं, जया. घाई नाई आपल्याले." तिनं पुन्हा पाहिलं. पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा बरोबर आलं.

सगळं छान आहे असं सांगून मी तुम्हाला खूश करणार नाही. मधल्या सुट्टीत तिची वही पाहिली. अक्षर बिघडलं आहे, ताई. माझ्याकडे असताना तिच्या ओळी सरळ होत्या, आता एकात एक शिरतात. आणि ते जे दिवस ती दारात बसून होती, ते तिला कोणी परत देणार नाही. तुम्ही समोर असतात तर हे मी तुम्हाला ऐकवलंच असतं. आता लिहून ऐकवते.

खिचडी वाटून झाल्यावर राऊत सर व्हरांड्यात येऊन बसले. तुमचा विषय त्यांनीच काढला. "त्या आल्या त्या टायमाले, मागं बसल्या, काईच बोलल्या नाई. म्हनलं मॅडम, वर्षा मॅडम तं येत नाई आता, मी काय करू सांगा तरी. तं म्हने, तुम्हाले काय वाटते? मले असा राग आला! म्हनलं हे बाई आली कायले मंग? त्याच रागात संध्याकाळी जयाच्या घरी गेलो. तिलेच इचारलं, बाई, वर्गात काय होते तुले? तं ते म्हने, सर, खिडकी डोयात जाते. फळा चमकते, काईच दिसत नाई. दोन वर्स माह्या वर्गात होती मॅडम ते, मी कधी इचारलंच नोतं." ते ताटलीतली शितं एका बाजूला लोटत म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत रंग मारला. त्याइले फोन करून सांगाव म्हनलं होतं. मंग म्हनलं, येतीलच ना."

तुम्ही तो फळा पाहिला नाहीत. तुमच्यासाठी एवढं रडू मला तेरवीलाही आलं नव्हतं. सर खाली मान घालून बसून राहिले, त्यांनी मला रडू दिलं.

आणखी एक सांगायचं आहे. मी दिवसभर कान देऊन होते की राऊत सर 'आमची जया' कधी म्हणतात. आपण दोघी किती वर्षं 'तुमचं'वर डोकं फोडत होतो, आज त्याचं 'आमचं' झालेलं ऐकायला मिळेल अशी माझी आस होती. त्यांनी ते एकदाही म्हटलं नाही. ते नुसतं 'जया' म्हणत होते, जसं ते सोहमला सोहम म्हणतात आणि प्रणालीला प्रणाली. मला हे कळायला वेळ लागला. तुम्हाला पहिल्या हाकेत कळलं असतं.

तेव्हा अर्धं मानते, कुंदाताई. पुरं मानत नाही. सगळेच रागावून घरी जाणारे राऊत सर नसतात, आणि प्रत्येक वेळी आपण मागं उभं राहून वाट पाहत बसलो तर काही लेकरं त्या वाटेवरच मोठी होतील. हे आपलं भांडण मी असंच चालू ठेवणार आहे. दुसरं कोणी माझ्याशी एवढं मन लावून भांडलं नाही. तुम्ही मला जे शिकवलं ते सगळं अशा भांडणांतूनच शिकवलंत, आणि त्याबद्दल तुमचे आभार मानायचं मला कधी सुचलं नाही, कारण मी पुढचा मुद्दा शोधत असायची.

निघायच्या आधी पुन्हा वर्गात गेले. दारात नाव सांगितलं. पोरं गणितं सोडवत होती. जयानं मान वर केली आणि गावात कोणी पाहुणा आला की विचारतात तसं सहज विचारलं, "मॅडम, तुम्ही कोनाकडं आल्या?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं, गेलं वर्षभर तेच होतं. ती तोंड माझ्याकडे करून थांबली होती. राऊत सर फळ्यापाशी होते, त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

"तुमच्या सरांकडं आली, जया," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि वही नाकाशी धरून पुढच्या गणिताला लागली.